एल्फ्रीडेच्या वाटणीचा श्टोलन

माझ्या सासूशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा आहे. बेकर मेल्त्सर हरले, पाद्री हरले, माझा नवरा टोर्स्टन तर बोलायला शिकण्याआधीच हरला होता. मी रमोना, तिची एकुलती एक सून. मी दर नोव्हेंबरमध्ये नव्याने हरते, कारण आमच्या डोंगरांत नोव्हेंबर हा श्टोलनचा, म्हणजे नाताळच्या लोणी-मनुक्यांच्या पावाचा, महिना आणि श्टोलन म्हटलं की एल्फ्रीडे ऊलिग कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

तिचं सगळं आयुष्य झालरी-गोंड्यांच्या कारखान्यात गेलं. जर्मनीचे दोन तुकडे होते त्या काळी आमच्या पूर्वेकडच्या बाजूला मनुके दिसायचे नाहीत, साखरेत मुरवलेली लिंबाची साल तर विसराच. पलीकडच्या नातेवाइकांचं पार्सल आलं तर ठीक, नाही तर ही बाई परसातले हिरवे टोमॅटो साखरेत मुरवून त्यांचे तुकडे पिठात घालायची आणि वर पाहुण्यांकडून वाहवा घ्यायची. आता दुकानात सगळं मिळतं, तरी हिची कुरकुर आहेच. ड्रेस्डेनचं नाव तर तिच्यासमोर काढायची सोय नाही. त्यांच्या श्टोलनवर सोनेरी शिक्का असतो ना, तो तिच्या डोक्यात जातो. "शिक्का काय चाटायचाय?" म्हणते. "लोण्यात हात आखडला की माणसं शिक्के मारत सुटतात."

आमच्या घरी श्टोलन विकत आणत नाहीत. सामान आपलं, भट्टी बेकरची. लोणी, मनुके, कडू बदाम, जायपत्री, लिंबाची साल असं सगळं आदल्या दिवशी बेकरीत नेऊन ठेवायचं, म्हणजे ते भट्टीच्या उबेला येतं. मग बेकर पीठ मळतो, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखे लांबट पाव वळतो आणि प्रत्येक पावात त्या त्या घराच्या नावाची पत्र्याची चकती खोचतो. भाजलेले श्टोलन घरी आणायचे, थंड खोलीत ठेवायचे आणि नाताळापर्यंत त्यांना सुरी लावायची नाही. आणि आणताना मोडू द्यायचे नाहीत. ज्या घरचा श्टोलन मोडतो, त्या घरातलं एक माणूस पुढचा नाताळ बघत नाही, असं आमच्याकडे मानतात. मी मानत नाही. निदान मोठ्याने तरी नाही.

गेल्या वर्षी या दिवसांत माझे सासरे, गॉटहोल्ड, केम्निट्झच्या इस्पितळात होते. हृदयाची झडप बदलायची होती. लाकडाच्या बाहुल्या कातण्यात आयुष्य घालवलेला हा शांत माणूस, बोलायचं काम त्याने लग्नातच बायकोकडे सोपवलेलं. एल्फ्रीडेने ऑपरेशनबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिने फक्त लोणी वाढवलं.

"फ्राऊ ऊलिग, हे पिठाला झेपायचं नाही," बेकर मेल्त्सर परात बघून म्हणाले. "भुसभुशीत होईल. हातात धरवणार नाही."

"माझा नवरा इस्पितळातलं पांचट सूप पिऊन घरी येणार आहे. तुम्ही मळा."

"अहो, मी चाळीस वर्षं भट्टीवर…"

"चाळीस वर्षं मीच तुम्हाला लोणी आणून देतेय. मळा."

त्यांनी मळलं. माझ्याकडे बघून खांदे उडवले. मी काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन बेकरीच्या दारात उभी. ही बाई लाकडी हातगाडी ओढत आली, आत पिसांची दुलई अंथरलेली.

"मुत्ती," सासूला मी आईच म्हणते, "गाडी आणलीय ना मी!"

"तुझी गाडी उसळते."

"आणि हातगाडी काय तरंगते?"

"तू मागून धर. आणि बोलू नकोस, तोल जातो."

बर्फाळ पाऊस तोंडावर झोडत होता. चढावर मी मागून ढकलत होते, पुढून ती "हळू, हळू" करून माझं डोकं पिकवत होती. येणारा-जाणारा थांबून बघत होता. माझी गाडी बेकरीपुढे आरामात भिजत उभी. पण सांगायला हवं, एकूण एक श्टोलन घरी धड पोचले. थंड खोलीत फळीवर स्वच्छ कापड अंथरलेलं होतं. मी पहिला उचलायला हात पुढे केला.

"तू नको. तुला उचलता येत नाही."

तिने स्वतः उचलला. दोन्ही हातांवर घेतला, अगदी तान्ह्या बाळाला घेतात तसा, आणि तो तिच्या हातांवरच मधोमध फाकला. अर्धा कापडावर पडला, अर्धा तिच्या बोटांत राहिला. मनुके जमिनीवर घरंगळले.

माझ्या तोंडून "लोणी!" निघालं. ती हलेना. तिचा चेहरा मी पाहिला आणि माझा सगळा राग पोटात गेला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

"मुत्ती, ऐका. हा पाव आहे. लोणी जास्त झालं म्हणून मोडला. बेकर काल हेच सांगत होते."

"घरातलं एक माणूस," ती म्हणाली. "कुठलं ते कोणी सांगितलेलं नाही ना?"

"काय?"

"मी मोडलाय, म्हणजे माझा आहे."

आणि तिने हातातला तुकडा तोंडात कोंबला. नोव्हेंबरात! जिने टोर्स्टनला लहानपणी नाताळाआधी नुसता मनुका उपटला म्हणून फटकावलं होतं, ती बाई थंड खोलीत उभ्याने, ओला कोट अंगात तसाच ठेवून, तो श्टोलन खात होती. घास गिळेना तरी खात होती. मी तुकडा उचलायला गेले तर माझ्या हातावर चापट बसली.

"हात लावू नकोस! तुला पोरं आहेत."

खाली सांडलेले मनुकेसुद्धा तिने वेचून खाल्ले. मग तोंड पुसलं आणि म्हणाली, "गॉटहोल्डला सांगितलंस तर बघ. त्याच्या हृदयाला धक्का बसेल."

ऑपरेशन सुरळीत झालं. मला वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! तिचा हिशोब तिथे संपलाच नव्हता. नवरा वाचला, म्हणजे आता आपली पाळी पक्की, असं धरून ती कामाला लागली. आपल्याला पुरताना घालायचा काळा पोशाख कमरेत सैल होतो म्हणून आत घेतला. पाद्रींकडे जाऊन आपल्या अंत्यविधीला कुठली गाणी नकोत ते सांगून आली. बेकर मेल्त्सरच्या बायकोने त्या दिवशी केक करायचा नाही, तिचा केक कोरडा होतो, हे मला बजावलं. एवढ्या वर्षांत जे मला कधी सांगितलं नव्हतं ते श्टोलनच्या सामानाचं प्रमाणही शिकवायला बसली.

"जायपत्री किती घालायची?"

"पुरेशी."

"पुरेशी म्हणजे किती, मुत्ती?"

"वास आला की थांबायचं. देवा, हिच्या हातात मी घर सोडून चाललेय!"

डिसेंबरमध्ये फाती, म्हणजे माझे सासरे, घरी आले. बिचाऱ्यांना धड विश्रांती नाही. ही त्यांना कपडे धुण्याच्या मशीनपुढे खुर्चीवर बसवून शिकवणी घ्यायची. "पांढरे वेगळे. लोकरीचे वेगळे. कळलं का रे? परत सांग." ते मुकाट्याने परत सांगायचे. त्यांना वाटलं असणार, आजारपणानंतरचा व्यायाम असतो हा. मी तोंड दाबून गप्प. रोज घरी जाऊन टोर्स्टनवर ओरडायचे. तो म्हणायचा, "ती तशीच आहे." हे वाक्य आणखी एकदा ऐकलं असतं तर तिच्याआधी मीच गेले असते.

नाताळची पूर्वसंध्या आली. आमच्याकडे त्या दिवशी नऊ पदार्थांचं जेवण असतं आणि ते संपेपर्यंत टेबलावरून कोणी उठायचं नाही. उठलं की घराला वाईट. भाजलेलं सॉसेज, आंबवलेला कोबी, बटाट्याचे गोळे, मसूर, सगळं मांडलेलं होतं. फातींनी मसूर वाढून घेतली.

"पुढच्या वर्षी एवढी शिजवू नकोस," एल्फ्रीडे म्हणाली. "तुला एकट्याला वाटीभर पुरे."

फातींचा चमचा थांबला. "एकट्याला?"

"म्हणजे कधी वेळ आली तर. आणि सॉसेज रमोना आणून देईल."

माझा संयम तिथे संपला. "नाही आणून देणार! पुरे झालं, मुत्ती! फाती, तुमच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी श्टोलन मोडला. तुमच्यावर येऊ नये म्हणून यांनी तो स्वतःच्या वाटणीचा म्हणून अख्खा खाल्ला. तेव्हापासून या मरायची तयारी करताहेत आणि आम्हाला जगू देत नाहीयेत!"

टोर्स्टनने काटा खाली ठेवला. फातींनी बायकोकडे पाहिलं. ती कोबी चिवडत होती. मग ते टेबलाला धरून उठले.

"गॉटहोल्ड! बस खाली! जेवणातून उठतात का?"

ते थंड खोलीत गेले. आतून धप्प आवाज आला, मग पुन्हा धप्प. आम्ही सगळेच धावलो. फाती फळीपुढे उभे होते आणि एकेक श्टोलन उचलून गुडघ्यावर मोडत होते. पिठीसाखर त्यांच्या सदऱ्यावर, मिशीवर, सपातांवर. डॉक्टरांनी त्यांना दुधाची पिशवीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलेलं.

"इस्टरपर्यंत पुरवायचे होते!" एल्फ्रीडे किंचाळली. "वेडा झालास का रे?"

त्यांनी शेवटचा मोडला. धाप लागली होती. तुकड्यांच्या ढिगाकडे हात करून म्हणाले, "आता सांग. यातला तुझा कुठला, माझा कुठला?"

ती बटाट्यांच्या खोक्यावर मटकन बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. "मला तुझ्याशिवाय राहायचं नव्हतं रे. एकाने जायचंच तर मी गेलेली बरी."

"इतकी वर्षं घरातलं सगळं तूच ठरवलंस," फाती म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. "पडद्यांचा रंग तू ठरवलास. पोराचं नाव तू ठरवलंस. मी काही बोललो? पण आधी कोणी मरायचं, हेही तूच ठरवणार? मला न विचारता?"

त्यांनी एक तुकडा उचलला, फुंकर मारून साखर झटकली आणि तिच्या तोंडापुढे धरला. तिने मान फिरवली. त्यांनी हात तसाच धरून ठेवला, आणि शेवटी तिने खाल्ला.