वाघमारेची बॅटरी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमची कंपनी काश्मीरमधल्या एका बर्फाच्या पोस्टवर होती. कंपनीत रेडिओ ऑपरेटर दोघे. मी शिरड शहापूरचा, मिलिंद वाघमारे हट्ट्याचा. दोन्ही गावं हिंगोलीकडची, म्हणून सुट्टीवर एकत्र यायचो, एकत्र परतायचो. सगळे आम्हाला जोडीदार म्हणत. मला मात्र त्याचा हेवा वाटे. कशाचा, हे सिव्हिलमधल्या माणसाला नीट सांगता येईल की नाही, मला शंका आहे. त्याची बॅटरी माझ्यापेक्षा जास्त टिकायची.

तिथे ही लहान गोष्ट नव्हती. रेडिओ सेट बॅटरीवर चाले आणि थंडीत बॅटरी लवकर बसे. बॅटरी बसली की बाहेर गेलेली पार्टी, म्हणजे तुकडी, मुकी होते. म्हणून मेजर साहेब गस्तीवर निघताना वाघमारेलाच घेत. दर वेळी एकच ऑर्डर. "वाघमारे, सेट उचल." मी पोस्टवर मागे राही. ऑपरेटरच्या कोर्समध्ये मी त्याच्या पुढे होतो, हे कोणी विचारत नसे.

एकदा मी जनरेटरच्या झोपडीत जाऊन चार्जिंगच्या हवालदाराला तोंडावर म्हणालो, "वाघमारेला नव्या बॅटऱ्या देता. मला काहून जुन्या?"

हवालदाराने दोघांना उभं केलं. "बदला."

आम्ही बॅटऱ्या बदलल्या. संध्याकाळी त्याची माझ्याकडे बसली. माझी त्याच्याकडे चालूच होती.

वाघमारे हसला. "जाधवा, बॅटरी बदलून काय व्हनार? तुझं तोंड बदलावं लागंल."

त्याची पद्धत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. बोलणं झालं की सेट बंद. बॅटरी काढून कोटाच्या आत, छातीशी. ऊन पडलं की बापाच्या ट्रान्झिस्टरचे सेल गावी पत्र्यावर ठेवायचा तशी ती उन्हात मांडायचा. आणि बोलायचा फार थोडं. ऐकायला बॅटरी कमी लागते, बोलायला जास्त. कोर्समध्ये मीही हेच शिकलो होतो. पण सेटवर आलो की मला सगळं सविस्तर सांगावंसं वाटे. त्याला वाटत नसे. मला हेवा होता तो याचाच.

एके दिवशी सकाळी मेजर साहेब, तीन जवान आणि वाघमारे गस्तीवर गेले. दुपारी हिमस्खलन झालं. थोड्या वेळाने सेटवर वाघमारेचा आवाज आला.

"बर्फ कोसळला. पाचही जिवंत. साहेबांना मार लागला. नाल्याच्या डाव्या अंगाला मोठ्या खडकाखाली आहोत. ओव्हर."

मी विचारलं, "तुला लागलं का? खायला किती आहे? साहेब बोलतात का? ओव्हर."

"पार्टी पाठव. दर तासाला बोलतो. आउट."

स्वतःला लागलं की नाही, ते त्याने सांगितलं नाही.

हवा बिघडली होती. पोस्टवरच्या सुभेदार साहेबांनी पार्टी दुसऱ्या दिवशी उजाडताच काढली. मला म्हणाले, "जाधव, सेट उचल." या ऑर्डरची मी किती वाट पाहिली होती. ती अशी आली.

वाटेत वाघमारे ठरल्या वेळेला बोलायचा. "नाला सोडू नका." "काळा कडा उजवीकडे ठेवा." तेवढंच, आणि बंद. मग एक वेळ चुकली. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. सुभेदार साहेब म्हणाले, "जाधव, बॅटरी सांभाळ." मी पुढच्या वेळेपर्यंत थांबायला हवं होतं. मी चालत राहिलो आणि हाका मारत राहिलो. खडक दिसायच्या आधी माझा सेट बंद पडला.

साहेब आणि तीन जवान जिवंत होते. वाघमारे खडकाला टेकून बसलेला होता. मार पोटात आतून लागला होता. साहेब म्हणाले, "तो म्हणाला, सर, थोडा बसतो."

त्याच्या कोटाची चेन मी उघडली. बॅटरी आत होती, दोन्ही हातांनी धरलेली. ती सोडवून मी माझ्या सेटला लावली. सेट लगेच चालू झाला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"चार सलामत. वाघमारे नाही. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

हेलिकॉप्टर उतरेपर्यंत ती बॅटरी बसली नाही.

पेन्शन घेऊन आता मी हिंगोलीत बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय नाही, चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं. वर्गातल्या पोरांचे मोबाइल दुपारीच बंद पडतात. वर लोडशेडिंग. ती विचारतात, "फौजी काका, तुमचा दोन दिवस कसा चालतो?"

मी सांगतो. काम नसेल तेव्हा बंद ठेवा. तिकडं थंडीनं बॅटरी बसायची, इकडं उन्हानं खराब होते, पत्र्याखाली ठेवू नका. लॅपटॉप असेल तर स्क्रीनचा उजेड कमी करा. आणि रेंज नसेल तिथं मोबाइल चालू ठेवू नका. समोरून उत्तर येत नसलं की तो हाका मारत राहतो, आणि त्यातच संपतो.

परवा वर्गातली, जवळा बाजार गावची एक पोरगी म्हणाली, "काका, तुमच्या बॅटरीचा हेवा वाटून राहिला."

"माझी न्हाई ती, बाई," मी म्हणालो. "हट्ट्याच्या मिलिंद वाघमारेची हाय."

"कोन वाघमारे?"

मी मोबाइल बंद केला, छातीजवळच्या खिशात ठेवला आणि तिला सांगायला बसलो. त्या दिवशी मी थोडक्यात सांगितलं नाही.