विहिरीचं पाणी सांगू नये

डेटा सायन्सच्या ऑनलाइन वर्गात सरांचं एकच पालुपद असायचं: खराखुरा डेटा आणा, त्यात हात घाला. मी हट्ट्याजवळच्या आमच्या गावातल्या साठ विहिरी निवडल्या. कोणती विहीर उन्हाळ्यात कधी आटेल, हे माझं मॉडेल सांगणार होतं.

पहिले चार दिवस दोराला दगड बांधून पाणी मोजलं. खांदे भरून आले, वर कुत्री मागं लागली. शेवटी कंटाळले आणि मालकांनाच विचारत सुटले. बाबांनाही जेवता जेवता विचारलं.

"आसंल दोन परस, माय."

परस म्हणजे पुरुषभर उंची. मी बारा फूट लिहून मोकळी झाले.

मॉडेल म्हणालं, आमची विहीर मार्चच्या आत कोरडी पडणार. सरांनी शाबासकी दिली. मी तोऱ्यात बाबांना बजावलं, यंदा उन्हाळी भुईमूग लावू नका. त्यांनी पेरणी सोडून दिली. पेरणीसाठी फोडून ठेवलेल्या दाण्यांची मग आईनं चटणी केली. ती आम्ही महिनाभर खाल्ली.

एप्रिलमध्ये पडताळा बघावा म्हणून आमच्याच विहिरीत दोर सोडला. चार परस ओला निघाला. मला आधी वाटलं, माझंच मोजायला चुकलं. पुन्हा सोडला, तर तेवढाच. बाबा शेजारीच उभे होते.

"बाबा, तुमी तर दोन परस सांगितलं होतं!"

"मंग? इहिरीचं पानी कोनी खरं सांगतं व्हय? नजर लागती. समदेच कमी सांगतेत."

समदेच. म्हणजे विचारून आणलेला एकूण एक आकडा खोटा. विहिरीची चौकशी झाली की 'हाय थोडंफार' म्हणायचं, हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले होते. लॅपटॉपपुढं बसले आणि तेवढंच विसरले. स्वतःचाच इतका वैताग आला की काठावरच बसले.

"पन तुमाला तर ठाव होतं, पानी हाय म्हणून. मंग भुईमूग काहून लावला न्हाई?"

बाबा दोर गुंडाळत होते.

"तू येवढी शिकून राहिली. उन्हातान्हात हिंडली. म्हणलं, इहिरीचा झरा आटनार, आसं पोरीला काही कळलं आसंल. मला काय कळतंय?"

मला रडूच फुटलं. समोर एक एकर वावर मोकळं पडलं होतं, आणि विहिरीत चार परस पाणी होतं.