मामाची मालिश-खुर्ची

माझा मामा कवळ्या करतो. दाताचे डॉक्टर पेशंटच्या जबड्यांचे साचे पाठवतात, मामा त्यांवर गुलाबी मेण थापून दात बसवतो. घराच्या मागच्या खोलीत गेली बावीस वर्षं हेच चाललंय. फळीवर तीसेक जबडे ओळीने मांडलेले, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसणारे. अख्ख्या गावाच्या हसण्याचा ठेका घेतलेला हा माणूस स्वतः मात्र वर्षभरात हसलेला नाही.

कारण पुढच्या खोलीतली मालिश करणारी खुर्ची. पाठ धरते म्हणून मामाने ती हप्त्यावर आणली. हप्ते थकले तेव्हा क्रेडिट कार्डावरून भरले, त्या कार्डाचं बिल दुसऱ्यावरून, दुसऱ्याचं तिसऱ्यावरून. खुर्चीची मोटर सहा महिन्यांत जळली. आता तिच्यावर कपड्यांचा ढीग असतो आणि रेक्झिनला ओल्या मोज्यांचा वास.

"मेली मढ्यासारखी पडलीय मधोमध," मामी म्हणते, "आणि फोन वाजला की हे संडासात!"

फोन वसुलीवाल्यांचे. "सर, जेवलात ना? मग आमचं कधी देताय?" आवाज इतका गोड, की कान धुवावासा वाटतो.

शेवटी मी म्हटलं, कर्ज सल्लागाराकडे जाऊ. तर मामाने आधीच एक जागा हेरलेली. काचेचं दार, सेंटचा भपकारा आणि आत एक तुळतुळीत इसम. "कर्ज निम्मं करून देतो, फक्त आमची फी आधी भरा." फी कशातून? नवं कार्ड काढा, असं तोच म्हणाला! मामाला तो फार सज्जन वाटला. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

खरी सल्लागार बाई चपलांच्या दुकानावरच्या खोलीत बसायची. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत आणि गोड बोलणंही नाही.

"मुद्दल एक पैसा कमी होणार नाही," बाई म्हणाल्या. "व्याज उतरवा म्हणून आम्ही बँकांशी बोलू. तुम्ही चार वर्षं दरमहा एकच रक्कम भरायची. तिन्ही कार्डं बंद, नवी उधारी बंद. जमत असेल तर सगळं देणं या कागदावर लिहा. एक जरी लपवलंत, तर सगळा हिशेब कोलमडेल."

मामाने तीन आकडे लिहिले आणि पेन ठेवलं. "एवढंच."

मी त्याला जिन्यात गाठलं आणि माझा मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. सकाळीच आलेला मेसेज होता, 'ही बाई पैसे बुडवून पळाली आहे.' खाली मामीचा फोटो. मोबाईलवरून झटपट कर्ज देणाऱ्या टोळीने मामाच्या फोनमधले नंबर उचलले होते. कर्ज मामाने मामीचं ओळखपत्र देऊन तिच्या नावावर काढलं होतं आणि मामीला त्याचा पत्ताच नव्हता.

मामा त्याच्या साच्यांच्या प्लास्टरसारखा पांढरा पडला. "अरे, तिला कळलं तर जीव घेईल माझा."

"आज मला आला, उद्या तिच्या भावाला जाईल. मामा, अर्धवट साचा आला तर तू काय करतोस?"

"परत पाठवतो. त्यावर कवळी केली तर हिरड्या सोलून निघतात," तो सवयीने म्हणाला. मग जिना उतरून घराकडे चालू लागला.

घरी मामी खुर्चीवरच्या ढिगातून टॉवेल ओढत होती. मामाने सांगितलं. ती ओरडली नाही. माझा मोबाईल हातात घेऊन तिने नीट पाहिलं.

"ओळखपत्रावरचा फोटो? ज्यात मी भुतासारखी दिसते, तो?"

"हो," मामा पुटपुटला.

"शी!" फोटोला म्हणाली, टोळीला की नवऱ्याला, विचारायची माझी छाती झाली नाही. तिने सगळे कपडे जमिनीवर लोटले. "ही घाण आजच भंगारात द्या. आणि उद्या त्या बाईकडे मी येणार."

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत मामाने चौथा आकडा लिहिला. त्यातली दोन शून्यं एकमेकांवर चढली. मामीने कागद ओढून घेतला.

"अक्षरसुद्धा घाण," ती म्हणाली, बाईंकडून कोरा कागद मागून घेतला आणि पहिल्यापासून चारही आकडे स्वतः लिहायला बसली.