चहापत्तीची हजेरी

माझ्या वहिनीवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी पावणेसात वाजता, परभणीतल्या आमच्या घरी, गॅसच्या शेगडीसमोर. आधण उकळत होतं. आरोप असा, की अर्ध्या किलोच्या पुड्यातली तीन दिवसांची चहापत्ती तिनं माहेरी नेली. आरोप करणारी बाई माझी सख्खी आत्या आणि वहिनीची सासू. गल्लीत तिला ऑडिटबाई म्हणत. तिला त्याचा राग येत नसे. उलट कुणी नावानं हाक मारली तर ती जरा उशिराच वळून बघायची.

मी पत्रकं लिहिते. पत्रकाचा नमुना ठरलेला असतो: वर अन्याय, मधे अन्याय करणारा, खाली मुर्दाबाद. आत्याच्या बाबतीत मला तो नमुना पुरत नाही. मुर्दाबाद म्हणायला घसा लागतो, आणि बोरीहून शिकायला आल्यापासून पाच वर्षं माझा घसा तिच्याच वरणभातावर पोसलेला.

आत्याचे यजमान शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर कपाटात तीन कोरे हजेरीपट सापडले. दुसऱ्या कुणी ते रद्दीत घातले असते. आत्यानं त्यात किराणा भरती केला. जिथं मुलांची नावं असतात तिथं तूरडाळ, साखर, गोडेतेल, चहापत्ती, शेंगदाणे. पुडा फोडला की नाव हजेरीवर यायचं, रोज सकाळी त्याच्यापुढं बारीक ‘ह’, आणि संपला त्या दिवशी ‘गै’. त्यापुढच्या रकान्यात भाव. तूरडाळ ही तिच्या वर्गातली शहाणी मुलगी, कधी दगा देत नसे. गोडेतेल उनाड, सणावाराला शाळा सोडून पळायचं. आणि सगळ्यात उजवीकडं शेऱ्याचा रकाना. मास्तरांनी जन्मभर मुलांना ‘समाधानकारक’ याच्यापलीकडं शेरा दिला नाही म्हणतात. आत्यानं तो बॅकलॉग भरून काढला. ‘गोडेतेल. पाहुणे नऊ, भजे दोनदा. पुढच्या वेळी उपमा.’

पटाच्या मागच्या पानांवर आम्ही माणसं होतो. बाहेर खाऊन आलं की आपल्या नावापुढं ‘गै’ पडायचा, आणि दारातच उलटतपासणी व्हायची. मी कामाच्या वेळा न पाळणारी, त्यामुळं माझी तपासणी सगळ्यांत जास्त.

“काय खाल्लंस?”

“भजे.”

“किती पलेटा?”

“दोन. आत्या, मोर्चा होता आज.”

“मोर्चाचं न्हाई, मी भज्याचं विचारायले. किती रुपये?”

“ऐंशी.”

“पोट भरलं?”

“नाही.”

“मंग बस. भाकर हाय अजून. ऐंशी रुपये देऊन उपाशी यायला लय अक्कल लागती, पोरी.”

दुसऱ्या दिवशी मी पट उघडून बघितला. शेरा होता: ‘क्रांती, दोन प्लेट. पोट रिकामे.’ मी चिडले. चळवळीची टिंगल मी बाहेर खपवून घेत नाही, घरात तर नाहीच. आत्या शेंगा सोलता सोलता म्हणाली, “टिंगल कुठं केली? खरं तेच लिवलंय. खोटं असंल तर खोड, अन् बाजूला सही कर.” मी सही केली नाही. खरंच होतं ते.

महिन्यातून एका रविवारी दादा, म्हणजे आत्याचा मुलगा, सगळ्यांना बायपासवरच्या फॅमिली हॉटेलात न्यायचा. तो मानवतला शाळेत शिक्षक. रोज बसनं जाणं-येणं, म्हणून रविवारी त्याला कुठं जायचा कंटाळा. पण वहिनीला हॉटेलची हौस, आणि वहिनीची हौस ही त्याला झेपणारी एकच गोष्ट. आत्या पर्समध्ये पेन्सिल घेऊन यायची. पनीरची भाजी आली की ती चमच्यानं तुकडे रश्श्यातून वर काढून कडेला मांडायला लागायची. एकदा वेटर थबकला.

“काय हुडकायलात, आजी?”

“पनीर.”

“त्याच्यातच हाय की.”

“हाय, अकरा तुकडे हायेत. तीनशे चाळीस रुपये भाव. एक तुकडा एकतीस रुपयाला पडला.” मग आमच्याकडं वळून, “चावून खा रे. गिळू नका.”

वहिनीला असा ठसका लागला, की शेजारच्या टेबलावरून पाणी आलं. ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, आज पटात ह्या हॉटेलचं काही खरं नाही. शेरा निघाला: ‘सून हसली. खर्च वाजवी.’

हे मुद्दाम सांगते. आत्या कंजूष होती असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी ते इथंच सोडून द्यावं. तिला पैसा वाचवायचा नव्हता, तिला फक्त कळायला हवं होतं. कुठल्या दाण्याचं काय झालं ते. आणि नेमकं तिथंच ती घसरली.

गेल्या वर्षी नव्या सालापासून चहापत्ती दांडी मारायला लागली. आधी अर्ध्या किलोचा पुडा तीस दिवस चालायचा. आता सत्तावीस. एकदा नाही, लागोपाठ तीन पुडे. आत्यानं चौकशी बसवली. पहिला संशय अर्थातच माझ्यावर, कारण माझे सहकारी चहाला येतात आणि एका कपावर उठत नाहीत. पण पट बघितला तर ते पूर्वीही तेवढेच यायचे, आणि तेव्हा पत्ती तीस दिवस जायची. मी निर्दोष सुटले. दादा चहा पीतच नाही. राहिली वहिनी. आणि वहिनी महिन्यातून एकदा ताडकळसला आईकडं जायची, हातात पिशवी घेऊन.

पहिल्या पुड्याला शेरा होता, ‘तीन दिवस कमी.’ दुसऱ्याला, ‘परत तीन दिवस. कोण?’ तिसऱ्याला, ‘सून ताडकळसला. पिशवी होती.’ मी तो वाचला आणि हसले. माझं हसणं इथं नोंदवून ठेवते, कारण आरोपींच्या यादीत मीही आहे.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं शेऱ्यातलं तोंडानं म्हटलं.

“पत्ती सरली?”

“सरली, आई.”

“सत्तावीस दिसात? पहिले तर तीस दिस जायची.”

“मला न्हाई माहीत.”

“ताडकळसला पिशवी भरून काय न्हेलं होतंस?”

वहिनीनं गॅस बंद केला. पिशवीत तिच्या आईच्या बीपीच्या गोळ्या असायच्या, इथं मेडिकलवर थोड्या स्वस्त मिळतात म्हणून. हे ती मला नंतर बोलली, आत्याला नाही. आत्याला एवढंच म्हणाली, “आजपासून पत्ती तुमीच टाकत जा, आई.”

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. वहिनीनं चहाच सोडला. चहाशिवाय जिचा डोळा उघडत नसे ती बाई सकाळी कोमट पाणी पिऊन स्वयंपाकाला लागायची. पुढचा रविवार आला तेव्हा डोकं दुखतंय म्हणून हॉटेललाही आली नाही. आणि आठवड्याभरात तिनं दादाला सांगितलं, “रोज दोन तास बसमधी घालवता. मानवतलाच खोली बघा. तिथंच राहू आपण.” बस ही सबब आहे हे चौघांनाही कळत होतं. दादा शाळा सुटल्यावर मानवतला खोल्या बघायला लागला. आत्या पटाची पानं उलटत बसायची, पण मागच्या पानांवर जायची नाही.

आता माझी करामत ऐका. घर मोडायला लागलं म्हटल्यावर मी माझ्या पद्धतीनं न्याय करायला निघाले. गुन्हेगार कोण हे मला विचार न करता समजलं होतं: कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. मी पत्रक लिहिलं, ‘काटा मारणाऱ्यांनो, सावधान!’ दोनशे प्रती काढल्या. पाडव्याच्या आदल्या दिवशी गठ्ठा काखेत मारून, आत्याला हाताला धरून, पट घेऊन दुकानावर गेले. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी आवाज चढवला. तुम्ही वजनात मारता, बायकांच्या घरात भांडणं लावता, वगैरे. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं, पत्रकही वाचलं, आणि चहापत्तीचा एक पुडा काउंटरवर ठेवला.

“ताई, पुडा शिलबंद येतो. मी काटा मारू कुठं?”

मी गप्प झाले. हा प्रसंग माझ्या सार्वजनिक जीवनात विरळा आहे.

त्यानं पुडा उलटा केला. “इथं वाचा. चारशे पन्नास ग्रॅम. नव्या सालापासून कंपनीनंच कमी केलंय. भाव तोच, पुडा तेवढाच.”

आत्यानं चष्मा लावला. तीन महिने तिनं पटात ‘अर्धा किलो’ लिहिलं होतं. सवयीनं. पुड्यावरचं एकदाही वाचलं नव्हतं. तिचे ओठ हलायला लागले. पाचशेला तीस दिस. पन्नासला तीन दिस. पाचशेतून पन्नास गेले, तिसातून तीन गेले. हिशोब बिनचूक जुळला. हिशोब जुळल्यावर तिचा चेहरा उजळायचा, हे मी पाच वर्षं बघत आले होते. त्या दिवशी तो पडला.

“माझी सून चोर न्हाई,” ती म्हणाली. चांगल्या मोठ्या आवाजात.

“अहो, चोर म्हणलं कोण?” दुकानदार म्हणाला.

“मी म्हणले.”

गिऱ्हाइकं आमच्याकडं बघायला लागली. मला कोपऱ्यात लपावंसं वाटलं; आत्याला नाही. ती एक पुडा घेऊन, पैसे मोजून देऊन, मग पायरी उतरली.

वाटेत मी कंपनीवर बोलायला सुरुवात केली. छोट्या अक्षरांत लिहून मोठी लूट, आणि हे कसं हाणून पाडलं पाहिजे. आत्यानं मला मधेच तोडलं. “कंपनीला शिव्या दे, जरूर दे. पण कंपनीनं वजन लिवलं होतं. मी वाचलं न्हाई. पुड्यावर इमान ठेवलं अन् घरच्या माणसावर शक घेतला. ते कंपनीनं न्हाई केलं.”

दुकानात काय झालं ते मी त्याच रात्री वहिनीला सांगितलं. पाडव्याला शेजारच्या दोघी साखरेच्या गाठी घेऊन आल्या होत्या. दादा घरात होता. आत्यानं सगळ्यांना बसवलं, पट उघडला, लाल पेन घेतलं. शाळेत हजेरीपटात खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते, नाहीतर ती अफरातफर ठरते. आत्यानं तिसऱ्या पुड्याचा शेरा एका रेघेनं खोडला, पण वाचता येईल असा. त्याखाली लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: ‘पुड्यात घट. सुनेवर आळ घेतला. चूक माझी.’ आणि सही केली. मग वहिनीकडं बघून म्हणाली, “मला माफ कर गं.”

शेजारणींना कुठं बघावं कळेना. वहिनीनं पट स्वतःकडं वळवून ती ओळ वाचली. मग म्हणाली, “आई, पुडा उलटा करायला तुमाला तीन महिने लागले. मला विचारायला किती लागले असते?”

“तेच तर,” आत्या म्हणाली. “तुला विचारलंच न्हाई. मी ठरवलं.”

वहिनी उठली आणि तिनं चहा टाकला. स्वतःलाही ओतला. माझ्या पत्रकांचा निकाल त्याच दिवशी लागला: दोनशे पाठकोरे कागद आत्यानं यादीसाठी ठेवून घेतले, छपाईचा खर्च माझ्या नावावर टाकला आणि शेरा मारला, ‘न वाचता लिहिले.’

इथं थांबले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण मानवतच्या खोलीचं डिपॉझिट देऊन झालं होतं, आणि खरं म्हणजे वहिनीलाही आता जायचंच होतं. राग गेला होता, तडा होता. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत ते दोघं गेले. आत्यानं अडवलं नाही. निघताना तिनं वहिनीच्या हातात अर्धा किलो सुटी पत्ती ठेवली, दुकानदाराकडून समोर तोलून घेतलेली. त्यानंतर महिन्यातून एका रविवारी ती आणि मी मानवतला जायचो. वहिनी आम्हाला हॉटेलात न्यायची, बिल स्वतः द्यायची, आणि पनीरचे तुकडे मोजायचं काम आत्याकडंच ठेवायची. दोघी एका घरात असताना एवढ्या बोलत नव्हत्या.

यंदा संक्रांत झाली आणि आत्या गेली. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त. तेराव्याला नातेवाईक जमले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, लय काटकसरी बाई होती. वहिनी वाढत होती. हातातलं पातेलं खाली ठेवून ती म्हणाली, “काटकसरी तर घरोघरी हायेत. भरल्या दुकानात ‘मी म्हणले’ म्हणणारी सासू मला एकच मिळाली.”

तेव्हापासून मी पत्रक लिहिण्याआधी दोनदा वाचते. चळवळीतले लोक म्हणतात, तुझी धार कमी झाली. झाली असेल.

आता तुमचं. तुमच्याही घरात काहीतरी लवकर संपतंय. साखर, तेल, गॅस, पगार. आणि तुमचंही बोट कुणाकडं तरी जातंय. बहुतेक वेळा ती बाहेरून आलेली सून असते, नाहीतर कामाला येणारी बाई. आज घरी गेल्यावर तिच्याबद्दल ठरवू नका, तिला विचारा. आधीच बोलून बसला असाल आणि चुकला असाल, तर माफी मागा. तिला एकटीला गाठून हळू आवाजात नको. चार माणसं घरात असताना मागा, आणि तिला नीट ऐकू जाईल अशी मागा.