ढोल्यातला वधूपिता

देवाने सगळ्यांना कातडी वाटली. आमच्या साडभाऊंची पाळी आली तेव्हा ती संपलेली असावी. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आरमोरीजवळच्या एका गावात गणिताचे मास्तर होते, आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना आपल्यापेक्षा जास्त टोचे, जास्त ऐकू येई, जास्त रडवी. सदरा ते उलटा घालत, शिवण बाहेर. मी एकदा म्हटलं, "साडभाऊ, लोक हसतात." ते म्हणाले, "शिवण मले टोचते, लोकायले नाई टोचत. मंग ते त्यायच्याकडं असली तं काय बिघडलं?"

पंगतीत त्यांच्या पानातल्या भाताला वरणाने शिवायचं नाही, असा नियम होता. एखाद्या वाढप्याने प्रेमाने भातावर वरण ओतलं की साडभाऊ उठून जात आणि यजमान जन्माचा दुखावे. "कसं काय मास्तर, बरं हाये ना?" हे त्यांना विचारू नये, हे गावाला उशिरा कळलं, कारण ते उत्तर देत; पोटापासून सुरुवात करून. शाळा तपासायला आलेल्या साहेबांचे बूट करकरले, तेव्हा साडभाऊंनी ते दाराबाहेर काढायला लावले. मोज्याच्या भोकातून साहेबांचा अंगठा बाहेर आला आणि त्याच वाटेने सरकारचा बराचसा दरारा बाहेर गेला.

पण खरा प्रकार कानांचा. गावातला प्रत्येक बैल ते गळ्यातल्या घंटेवरून ओळखत. ओळखून थांबले असते तर ठीक. त्यांनी घरोघर जाऊन त्या घंटा कानशीने घासल्या आणि एकमेकींशी जुळवून घेतल्या. संध्याकाळी गुरं परतू लागली की रस्त्यातली माणसं उगाच हळू चालत. मग शेजाऱ्याने एक बैल बाजारात विकला. साडभाऊ ओसरीवर बसून हमसाहमशी रडले. "सांज लंगडी केली ना बापा तू," एवढंच म्हणत. शेजारी बायकोला म्हणाला, "बैल माहा गेला, अन् सुतक मास्तरले!"

हल्ली शिकलेली माणसं अशांना कधी स्वमग्न म्हणतात, कधी अलौकिक बुद्धीचे, कधी अतिसंवेदनशील. शब्द भारदस्त आहेत. पण साडभाऊंमधलं नेमकं कुठलं कुठे संपत होतं, हे मला तरी दाखवता आलं नसतं. आमच्याकडे तेव्हा सगळ्याला मिळून एकच शब्द होता: "मास्तर सटकले हायेत."

त्यांच्या इंदूचं लग्न ठरलं ते नदीपलीकडच्या एका माजी मालगुजाराच्या घरी. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, कायद्याने नुकतीच गेली होती, पण मिशांना तो कायदा लागू नव्हता. व्याह्यांनी थेट नागपूरचा बँड आणला. मांडवाच्या दारात क्लॅरोनेटने पहिली किंकाळी फोडली आणि वधूपिता नाहीसा झाला.

शोधाशोध झाली. शेवटी धान साठवायच्या बांबूच्या रिकाम्या ढोल्यात ते सापडले. शेणाने लिंपलेल्या त्या कणगीत गुडघ्यांत डोकं घालून, कानांत बोटं खुपसून बसलेले. मी वरून हाक मारली. "साडभाऊ, मुहूर्त जवळ आला."

"मले यायचं हाये," आतून रडवेला आवाज आला. "येताच येऊन नाई राह्यलं."

व्याही मांडवात गरजले, "पोरीचा बाप ढोल्यात अन् आमी मांडवात! हे काय लगन होय? कन्यादान काका करन, नाई तं वरात वापस!"

तेव्हा बाशिंग बांधलेली इंदूच उठली आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, बाजा तलावाच्या पारीवर जाऊ द्या. बाबा आपोआप येतीन. बाबा नाई तं मी बी नाई."

"बिनबाजाचं लगन? लोक काय म्हनतीन?"

"लोक जेवतीन अन् जातीन," इंदू म्हणाली. बापाचं गणित पोरीत उतरलं होतं.

नवरा मुलगा आईच्या कानात काही बोलला, आई मिशांच्या कानात, आणि बँड तलावाच्या बांधावर, पारीवर गेला. तिथे त्याने असा जोर लावला की म्हशी पाण्याबाहेर आल्या. साडभाऊ ढोल्यातून निघाले, डोक्यात तूस, सदरा उलटाच, आणि त्यांनी कन्यादान केलं. मंगलाष्टकं संपली. पण मांडवात बाजा वाजेना, त्यामुळे लग्न लागलं हे कुणाला कळेना. मंडळी अक्षता टाकतच राहिली. अखेर साडभाऊ म्हणाले, "लागलं. जेवायले बसा."

ऊन उतरल्यावर पाठवणी. साडभाऊंनी वरपक्षाच्या बैलांच्या घंटा सोडून आपल्या जुळवलेल्या दोन बांधल्या. इंदू गळ्यात पडली तेव्हा ते ताठ उभे राहिले, डोळ्यांत टिपूस नाही. बायका कुजबुजल्या, "मास्तरले काईच नाई वाटत."

बैलगाडी वळणापलीकडे गेली. मंडळी पांगली. साडभाऊ वेशीवर तसेच, मान थोडी कलती.

"चला," मी म्हटलं.

"थांबा. पोरगी आता नदीच्या रेतीत उतरली."

मी कान दिला. मला फक्त झाडांतला वारा ऐकू आला. आमच्या लेखी इंदू केव्हाच गेली होती. त्यांच्यासाठी ती अजून जात होती.