किडेमामांची काडी

शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुण्यात किडेमामांची तीस वर्षं गेली, पण नाव झालं ते किड्यांमुळे. प्रार्थनाकीटक, म्हणजे पुढचे दोन पाय जोडून साळसूदपणे बसणारा आणि जवळ आलेली माशी गट्ट करणारा तो हिरवा महाभाग, त्याची अंडी मामांइतकी कुणाला सापडत नसत. काडीला साबणाचा फेस वाळून चिकटावा तसं ते अंड्यांचं घर दिसतं. दर वर्षी मामा तशी एक काडी आणत, जीवशास्त्राच्या बाई ती बरणीत ठेवून वर फडकं बांधत, आणि एका सकाळी आत मुंगीएवढी शे-दीडशे पिल्लं लोंबकळत असत. निवृत्त झाल्यावरही मामांनी हे सोडलं नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

गेल्या वर्षी मात्र मामा तोंडघशी पडले. अख्खा वर्ग महिनाभर बरणीकडे डोळे लावून बसला आणि पिल्लू एक नाही. कुठल्याशा बारक्या माशीनं आतली अंडी कधीच फस्त केली होती. कडेला टाचणीएवढी भोकं होती, ती मामांना दिसलीच नव्हती. बाई चकार शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच मामांना जास्त लागलं.

डोळ्यांचं फक्त मामींना ठाऊक होतं. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंब घालून सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मी बघते," मामी म्हणाल्या. "काय बघायचं ते तुम्ही सांगा."

"तुला किडा आणि काडी यातलं काही कळत नाही."

"चाळीस वर्षं तुमच्याबरोबर काढली. किडा त्याहून अवघड असतो का?"

मामा हसले नाहीत. यंदा आपल्या हातानं जिवंत अंडी शोधली तरच शाळेत जायचं, नाहीतर त्या फाटकात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मामींनी यायचं ते फक्त रस्ता ओलांडून द्यायला.

पाण्याच्या टाकीमागच्या कुंपणाशी मामा दोन दिवस गुडघ्यापासून छातीपर्यंतची एकेक काडी बोटांनी चाचपत होते. हाती आला चिखलाचा गोळा आणि एकदा पाखराची घाण. मामींचा जीव तुटत होता, पण त्या मूग गिळून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी मामांचा हात एका काडीच्या दोन बोटं खालून पुढे गेला. काडीवर ते घर चांगलं सुपारीएवढं होतं. मामींना राहवेना. बोलायचं तर नव्हतं. त्या खोकल्या.

मामांचा हात थांबला. मग मागे आला, जरा वर सरकला. त्यांनी अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिलं. भरीव लागलं.

"खोकला कधीपासून?"

"आत्ताच झाला."

मामांनी कात्रीनं काडी कापली, खिशाकडे नेली आणि तिथेच घुटमळले. मग ती मामींपुढे धरली.

"कडेला भोक आहे का, बघ."

मामींनी पदरानं चष्मा पुसला आणि काडी उन्हात चारही बाजूंनी फिरवून पाहिली. "एकही नाही," त्या म्हणाल्या.

"चल मग, बाईंची मधली सुट्टी व्हायच्या आत पोचू," मामा म्हणाले, आणि रस्ता अजून बराच लांब होता तरी त्यांनी मामींचा हात धरला.