विस्तव बराबर होता

उस्तादांच्या शेगडीवर पाणी मी ओतलं होतं. ते मी सात वर्षं लपवलं, आणि ती सात वर्षं उस्तादांनी दोष स्वतःच्या हाताला दिला.

निजामाच्या अमदानीत औरंगाबादेतल्या आमच्या गल्लीत विजेचे खांब नव्हते. तरी उस्ताद भांड्यांना चांदीचा मुलामा चढवायचे, तोही विजेनं. त्यांच्याकडे एक जुनी विलायती शेगडी होती. आत कोळशाचा विस्तव, भोवती दोन धातूंचे तुकडे जोडून केलेली कडी, बाहेर तांब्याचे पत्रे. काही फिरत नसे, आवाज नसे, पण तारांतून वीज यायची. यात जिन्न आहे का, असं लोक विचारायचे. उस्ताद म्हणायचे, "जिन्न नाय मियाँ. आतून गरम, बाहेरून थंड. त्या फरकाची बिजली हाय."

सकाळी ते आधी दोन्ही खिडक्या उघडत, मग विस्तव पेटवत. थंडीत मी खिडकी लोटली की म्हणायचे, "भाऊ, थंडी मारत नाय. कोळशासंगं बंद खोली मारती." पत्र्यांवरची धूळ रोज झाडायची, नाहीतर ते निवत नसत. विस्तव किती हवा, हे त्यांना तळहात कळवायचा. शेगडीपासून वीतभर अंतरावर हात धरायचे आणि एकेक कोळसा घालायचे.

काम संपलं की विस्तव काढून ते चहा घेत शेगडीपाशी बसून राहायचे. ती आपोआप निवेपर्यंत उठायचे नाहीत. मी कंटाळलो की हसायचे. "दोन धातू एका जोडात नांदतात. एकदम निवलं तर एक आधी आक्रसतो. मग तलाकच."

त्या शुक्रवारी ते नमाजला गेले आणि शेगडी माझ्यावर सोपवली. मी सत्तावीस वर्षांचा होतो. लासूरला मुलगी पाहायला जायचं होतं, गाडीची वेळ झाली होती. मी विस्तव काढला आणि शेगडी लवकर निवावी म्हणून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. चर्र झालं, मग काच तडकावी तसा बारीक आवाज आला. मी कुलूप लावून निघालो.

दुसऱ्या दिवशी वीज धड येईना. एका लग्नघरच्या सुरईवरची चांदी पापुद्र्यासारखी निघाली. उस्तादांनी जोडांच्या चिरा पाहिल्या, मग स्वतःचा तळहात. "काल कोळसा जादा पडला माझ्याकडून. हात म्हातारा झाला." मी राख चाळत होतो. चाळतच राहिलो.

ते जोड कुणालाच सांधता आले नाहीत. भांडी ज्याची त्याला परत करून उस्ताद गंगापूरला मुलीकडे गेले.

लासूरची ती मुलगी माझी बायको झाली. सात वर्षांनी तिला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "गंगापूरला जाऊन या."

उस्ताद अंगणात बसले होते. त्यांची मुलगी चहा आणताना म्हणाली, "अब्बा चुलीपाशी येतच नाहीत. 'माझ्याच हाताचा भरोसा नाय,' असं म्हणतात."

ती आत गेल्यावर मी म्हणालो, "उस्ताद, त्या शुक्रवारी मी शेगडीवर पाणी ओतलं. गाडी गाठायची होती."

त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मग विचारलं, "किती?"

"तांब्याभर."

त्यांनी उजवा तळहात उघडून पाहिला. "म्हणजे विस्तव बराबर होता."

"बराबर होता, उस्ताद. तुमचा हात चुकला नव्हता. मला माफ करा."